भिकबाळीचं पाचवं घर

"तपकीर?" बाटलीचं बूच काढून दामूअण्णा पोतदारांनी ती नाकाजवळ नेली.

"नाक लांब ठेवा," मी म्हणाले. "आत ओढलंत तर मला परत काढता येणार नाही. त्यात माझ्या नवऱ्याचा जीव आहे."

अण्णांनी बाटली हातभर लांब धरली आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

"असं माझ्या सासूबाईंचं म्हणणं आहे," मी सांगितलं. "माझ्या मते त्यात सातशे दोन मिलिग्रॅम सोनं आहे."

ही पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नरकचतुर्दशीची सकाळ, दहाचा सुमार, कराडची जुनी पेठ. त्या वर्षी लक्ष्मीपूजन त्याच संध्याकाळी होतं आणि पाडवा दुसऱ्या दिवशी. म्हणजे माझ्या हातात आठ तास होते.

अण्णांकडे येण्याआधी मी मोठ्या रस्त्यावरच्या नव्या दुकानात जाऊन आले होते. काचेचं दार, आत गारवा, आणि विक्रेता असा की त्याच्या अंगालाच अत्तराचं दुकान म्हणावं.

"काय दाखवू मॅडम? पाटल्या, तोडे?"

"भिकबाळी. माझ्या मिस्टरांसाठी. पाडव्याला द्यायचीय."

"मॅडम, पाडव्याला मिस्टर देतात," तो समजुतीच्या सुरात म्हणाला.

"ठाऊक आहे. गेल्या वर्षी त्यांनी मला पाण्याची मोटर दिली."

त्यानं मखमली तबक पुढे केलं. हरभऱ्याएवढ्या मोत्यांच्या भिकबाळ्या. "फेटा बांधून घातली की साहेब राजबिंडे दिसतील." आमचे साहेब पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. फेटा त्यांनी फक्त लग्नात बांधला होता, तोही वरातीत डोळ्यांवर आला होता. मी तबक बाजूला सारून पर्समधली बाटली काढली आणि म्हणाले, "तयार नको. ह्याची करून हवीय." त्यानं बाटलीतली तपकिरी पूड पाहिली, मग माझं तोंड पाहिलं, आणि तबक हळूच काउंटरच्या आत ओढून घेतलं.

अण्णांनी निदान बाटली परत केली नाही. चिमूटभर पूड कसोटीच्या दगडावर टाकून त्यांनी ती गुळगुळीत गारेनं घासली. तपकिरी रंग पुसला गेला आणि दगडावर पिवळी रेघ चमकली.

"आयला," अण्णा म्हणाले. मग जीभ चावून, "माफ करा बाई. चोख आहे की हो. कुठं सापडलं असलं?"

"सापडलं नाही. काल दुपारपर्यंत ही बाळी होती. आक्कांच्या भिकूची."

अण्णांच्या हातातली गार थांबली. "रुक्मिणीआक्का पाटणकरांच्या? ती माझ्या बापानं केलेली. काय केलंत काय तिचं?"

"विरघळवली," मी म्हणाले.

आता हे नीट सांगायला हवं.

पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि नवरा तबकात काहीतरी घालतो. आमच्या नऊ वर्षांत त्या तबकात इस्त्री आली, बॅटरी आली, कुकरची रिंग आली. मोटर तबकात मावेना म्हणून तिची पावती ठेवली होती. माझी तक्रार नव्हती. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. दागिन्यांची मला हौस नाही, मंगळसूत्रसुद्धा ब्युरेटमध्ये अडकतं. पण त्या वर्षी मनात आलं, आपणही एकदा ह्या माणसाला काही द्यावं. त्यांची इच्छा म्हणावी अशी मला एकच माहीत होती. एका लग्नात कुणाच्या तरी कानात भिकबाळी पाहून घरी परतताना ते स्कूटरच्या आरशात स्वतःचा उजवा कान बघत होते. त्यात आम्ही एका म्हशीला धडकता धडकता वाचलो.

त्यांच्या कानाला वरच्या बाजूला भोक होतं. सासूबाईंची, म्हणजे आक्कांची, पहिली चार मुलं वर्षाच्या आत गेली. पाचवं झालं तेव्हा त्यांनी पाच घरी पदर पसरून भीक मागितली. पैसा नाही, धातू. ज्यानं जे दिलं ते वितळवून बाळी केली, पोराच्या कानात घातली आणि त्याचं नाव भिकाजी ठेवलं. यमाला वाटावं, भिकाऱ्याचं पोर आहे, ह्याला कुठं नेता. सातव्या वर्षी बाळी कानाला काचायला लागली तेव्हा काढून कुंकवाच्या डबीत ठेवली. तेव्हापासून ती वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला, चौरंगावर यायची. "बाळी हाय तवर पोरगा हाय," असं आक्का दर वर्षी म्हणायच्या आणि माझ्याकडे बघायच्या.

धनत्रयोदशीला सकाळी आक्का न्हाणीत असताना मी ती डबीतून काढली. बेत साधा होता. तीस वर्षांची काजळी प्रयोगशाळेत काढायची, सोनाराकडून कडी सैल करून घ्यायची, उद्या दिवेलागणीच्या आत डबीत परत, आणि परवा पाडव्याला आक्कांच्या संमतीनं कानात.

मी व्यवस्थित बाई आहे. दोन मोती आणि लाल खडा आधी काढून घड्याळकाचेवर ठेवले, कारण मोती आम्लात टिकत नाही. बाळीचं वजन केलं: एक ग्रॅम सहाशे चौतीस मिलिग्रॅम. मग ती नायट्रिक आम्लात ठेवली. काजळी थोडी गेली, थोडी राहिली. उरलेल्या काजळीसाठी हायड्रोक्लोरिक. मधे एक पायरी असते: पहिलं आम्ल ओतून द्यायचं आणि वस्तू पाण्यानं धुवायची. तेवढ्यात प्राचार्यांचं बोलावणं आलं. मी घाईनं दुसरं आम्ल ओतलं, बीकर गरम पाण्यावर ठेवला आणि मीटिंगला गेले. सुट्टीत प्राध्यापकांनी गाव सोडू नये, ह्या विषयावर दोन तास चर्चा झाली. बाहेर आले तेव्हा चार वाजायला आले होते.

बीकरमध्ये हिरवट पिवळं पाणी होतं. तळाशी थोडा पांढरा साका. बाळी नव्हती.

दहा वर्षं मी फळ्यावर लिहीत होते: ही दोन्ही आम्लं एकेकटी सोन्याचं काही बिघडवू शकत नाहीत, एकत्र आली की सोनं जातं. मागच्या बाकावर दर वर्षी कुणीतरी हसतं. त्यांना ते लग्नाबद्दल वाटतं.

सोनं जातं म्हणजे नाहीसं होत नाही, हेही मी शिकवते. पांढरा साका म्हणजे चांदी, तो गाळून वेगळा केला. हिरवा रंग तांब्याचा. पाण्यात हिराकस घातल्यावर सोनं तपकिरी पूड होऊन तळाशी बसलं. धुतलं, वाळवलं, वजन केलं. निम्म्याहून कमी भरलं. बाकीचं सगळं तांबं आणि चांदीच होतं. पाच घरांनी काय काय दिलं होतं, ते माझ्यासमोर तीन भांड्यांत वेगळं होऊन पडलं होतं. चांदीचा साका आणि तांब्याचं पाणी मी मोरीत ओतून दिलं.

घरी गेले तर भिकाजीरावांच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.

"आकाशकंदील लावताना स्टुलावरून पडलो," ते म्हणाले.

"किती वाजता?"

"चारच्या सुमारास. वेळ कशाला विचारतेस, डोकं बघ की."

दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. हे मी दर वर्षी ऐंशी मुलांना शिकवायचे. दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नान आटोपल्यावर ते म्हणाले, "बहिणीला फराळाचा डबा देऊन येतो, ओगलेवाडीला." ते धोतर बदलायला आत गेले तेव्हा मी अंगणात जाऊन स्कूटरच्या दोन्ही चाकांची हवा सोडली. मग हात धुतले आणि बाटली घेऊन पेठेत आले.

अण्णांनी हे सगळं ऐकलं. स्कूटरचं मी सांगितलं नाही.

"मग आता काय करायचं?" ते म्हणाले.

"हे वितळवा, बाळी ओढा, मोती-खडा हे इथे आहेत, बसवा. संध्याकाळपर्यंत."

"एवढ्याशा सोन्यात पोराची होईल, बाप्याची नाही. शिवाय चोख सोनं मऊ. भर घालावी लागेल, तांबं, चांदी, थोडं सोनं."

"घाला. काय होतील ते पैसे देते."

"पैसे नकोत," अण्णा म्हणाले. "विकतची भर घातली तर ती भिकबाळी नाही, विकतबाळी. भर होती ती तुम्ही मोरीत ओतलीत. पाच घरं मागून या, मग मी भट्टी पेटवतो."

"अण्णा, तांबं म्हणजे तांबं. कुठल्याही घरचं आणलं तरी त्याचा अणुभार तोच."

"असेल. पण माझा बाप वर बसलाय, त्याला तुमचा अणुभार समजायचा नाही." त्यांनी बाटलीला बूच लावून माझ्यापुढे ठेवली. "पदर पसरून मागायचं, काय आहे ते सांगून मागायचं. चोरून नाही."

मी जन्मात कुणाकडे वाटीभर साखर मागितलेली नाही. साखर संपली की मी बिनसाखरेचा चहा पिते. पण पेठेत दुसरा कुणी ती पूड हातात धरत नव्हता, आणि घरी त्या माणसाला स्कूटरपासून दूर ठेवायला माझ्याकडे दोनच चाकं होती.

पहिलं घर मी सोपं निवडलं. मुजावरमामा आमच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. पेठेच्या मागेच राहायचे. त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"मॅडम? सणाच्या दिवशी? लॅबची किल्ली पायजे का?"

"नाही मामा. भीक मागायला आलेय," असं म्हणून मी पदर पुढे धरला.

मामा हसले नाहीत. "कालचा बीकर तुम्ही स्वतः घासून ठेवलात, तेव्हाच मी घरात म्हणालो, मॅडमच्या हातून काहीतरी झालंय. काय गेलं?"

मी सांगितलं. त्यांच्या बायकोनं आतून सगळं ऐकलं होतं. ती भोकाचा तांब्याचा जुना पैसा घेऊन आली. "पोरांच्या गळ्यात बांधायचा हा आमच्यात," ती म्हणाली. "आता पोरं दाढी करायला लागली. घ्या. पण सायबांच्या कानात बघायला येणार हां मी."

दुसरं घर प्राचार्य घोरपड्यांचं. सर बनियनवर झुल्यावर बसून चकली खात होते.

"पाटणकर मॅडम! राजीनामा द्यायला आलात की काय?"

"नाही सर. भिकबाळीसाठी भीक द्या."

चकली हवेत थांबली. "विज्ञान शाखेच्या विभागप्रमुख तुम्ही. अंधश्रद्धेवर भाषण केलंत ना हो गॅदरिंगला?"

"केलं. चांगलं झालं होतं. काल तुमची मीटिंग दोन तास चालली नसती तर आजही त्यातला शब्द न् शब्द खरा असता."

वहिनी दारातून हे ऐकत होत्या. "दोन तास? कशावर?" त्यांनी सरांना विचारलं.

"सुट्टीत गाव सोडू नये ह्यावर," मी म्हणाले.

"आणि आपण परवा महाबळेश्वरला चाललोय ते?" वहिनी म्हणाल्या. सरांनी उरलेली चकली तोंडात घातली. वहिनींनी तुटक्या पैंजणाचा चांदीचा तुकडा माझ्या पदरात टाकला आणि सरांच्या वतीनं अजून एक घुंगरू.

तिसरं घर मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, पण स्टाफ क्वार्टर्समध्ये सणाला गावाला न गेलेलं दुसरं कुणी नव्हतं. प्राणिशास्त्राच्या कामतबाई. आमच्यात तीन वर्षं बोलणं नव्हतं. त्यांनी मला न विचारता माझ्या विभागाच्या फ्रीजमध्ये तीन मेलेले साप ठेवले होते आणि मी त्यांना न विचारता ते बाहेर काढून ठेवले होते. महिना मेचा होता.

दार उघडून कामतबाई मला वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या. "सापांची माफी मागायला आला आहात?"

"नाही. भीक मागायला."

"हे जास्त चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "आत या. नको, आत नको, भीक दारातच मागतात. पदर नीट धरा. असा नाही, दोन्ही हातांनी."

मी दोन्ही हातांनी धरला. सगळं सांगितलं. टेंगळाचं सांगितलं आणि, का कोण जाणे, स्कूटरच्या चाकांचंही सांगितलं. त्यावर कामतबाई दाराच्या चौकटीला धरून इतक्या हसल्या की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"हवा सोडली? तुम्ही? दोन्ही चाकांची?"

"एका चाकाला त्यांच्याकडे स्टेपनी आहे."

त्यांनी डोळे पुसले आणि आत गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या. हातात मोहनमाळेचा एक सोन्याचा मणी. "आईची माळ तुटली तेव्हाचा. ओवायचा राहून गेला. मला काही मूलबाळ नाही, नवरा नाही, कुणाच्या कानात घालू? घ्या. परत मागणार नाही, पण चौकशी करीन. तुमच्या हाताचा मला भरवसा नाही."

अण्णांच्या दुकानात परत आले तेव्हा पाच वाजायला आले होते. दुकानात पूजेची मांडामांड चालली होती. मी पदरातलं सगळं पाटावर ओतलं.

"तीनच घरं," अण्णा म्हणाले.

"गावात कुणी नाही. सगळे आपापल्या गावी गेलेत."

अण्णांनी पाटाखालच्या डबीतून दागिने जोडताना डाग द्यायच्या मिश्रधातूचा नखाएवढा तुकडा काढला. पाटावर ठेवला नाही, माझ्याकडे पाहत राहिले. मी पदर पसरला. तेव्हा टाकला, आणि पाटावरचं तीन घरचंही परत पदरात सरकवलं.

"हे चौथं. आता पाचवं जवळचंच धरा, लांब जायला वेळ नाही. उद्या पाडव्याच्या मुहूर्तावर भट्टी पेटवतो. नवऱ्याला घेऊन या, मला पण बघायचाय."

"पण आज संध्याकाळी आक्का डबी उघडतील."

"मग?" अण्णा म्हणाले. "त्यांचं घर नाही होय?"

घरी पोचले तेव्हा अंगणात पणत्या लागल्या होत्या. स्कूटर जागेवरच होती, चाकं जमिनीला टेकलेली. मला जरा बरं वाटलं. आक्का देवघरासमोर बसल्या होत्या. मांडीवर कुंकवाची डबी, उघडी. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठाय?"

मी खाली बसले, पदराची गाठ सोडून तो दोन्ही हातांनी पुढे धरला.

"आक्का, भिकबाळीला भीक घाला."

आक्का पदरावर वाकल्या. आत चार घरचं होतं. त्यांनी एकेक वस्तू बोटानं चाळली. भोकाचा पैसा उचलून परत ठेवला.

"ह्यो कुणाचा?"

"मुजावरमामांच्या घरचा."

"आन् मनी देनारी कोन?"

"कामतबाई."

"सापवाली?"

"हो."

मी बाटली काढून त्यांच्यासमोर ठेवली. काय झालं ते सांगितलं. त्यांना आम्लं कळली नाहीत, पण घाई कळली.

"सोनं पान्यात गेलं आन् तू परत काढलंस?"

"सोनं काढलं. बाकीचं गेलं. आक्का, माझं चुकलं. ह्यांच्या कपाळाला..." विज्ञान शाखेची विभागप्रमुख मी, सासूपुढे पदर धरून हुंदके द्यायला लागले.

"रडतीस कशापाई? टेंगूळ हाय त्ये. सांगितलं व्हतं, इस्टूल लंगडं हाय म्हून." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुला काय वाटलं? बाळी गेली म्हून पडला?"

"तुम्हीच म्हणता, बाळी आहे तोवर पोरगा आहे."

"म्हन्ते की. न्हाईतर तुमी पोरांनी ती कवाच मोडून टाकली असती." आक्कांनी डबी बाजूला ठेवली. "आगं, बाळीनं पोरं जगत्यात व्हय? एवढी शिकलीस. माजी पयली चार गेली, तवा कुनी दार लोटून बघितलं न्हाई. बाळंतिनीचं घर, त्यात पोरं मरत्यात, कोन येतंय? मी उन्हातानात शेतावर, पोर झोळीत. पाचव्याला भीक मागितली. तवा ज्यानं ज्यानं पदरात काय घातलं त्ये दर दोन दिसानं यायला लागलं. माजा मनी बरा हाय का, माजी चांदी काळी पडली का. फुकट दिल्याल्या वस्तूवर मान्साचा लई डोळा असतो."

"मग?"

"सातव्या म्हैन्यात भिकूला ताप चढला. मी रानात. मोमीनाची म्हातारी तिचा मनी बघाया आली, तिनं बघितलं. मी घरला येस्तवर तिनं टांग्यात घालून दवाखान्यात न्येला व्हता. डाक्टर म्हनला, तासाभरानं आला असता तर कशाला आला असता." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "पयल्या चौघांना कुनाचाच मनी नव्हता."

मी पदर तसाच धरून बसले होते.

आक्कांनी कानाच्या वरच्या भागातली बुगडी फिरवून काढली. तिला वेळ लागला. पन्नास वर्षं ती तिथेच होती. पदरात टाकली.

"दुसरी?" मी विचारलं. बुगड्या जोडीनं असतात.

"दुसरी ऱ्हाऊ दे. परत कायतरी इरघळवशील तर लागंल."

पूजा झाली. चौरंगावर लक्ष्मीच्या पुढे नेहमीच्या जागी आक्कांनी ती पुडीची बाटली ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. भिकाजीराव टेंगळावर तेल लावून आले, वाकून बघू लागले.

"आक्का, तपकिरीची पूजा? कुणाची ही?"

"तुजी," आक्का म्हणाल्या. "पाया पड."

ते पडले. चौकशी करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

पाडव्याला दुपारी बाळी तयार झाली. जुनीपेक्षा मोठी, रंगानं जरा लालसर, मोती आणि खडा तेच. संध्याकाळी मी ओवाळलं आणि तबकातली बाळी उचलून त्यांच्या कानाशी नेली. भोक निम्मं बुजलं होतं. त्यांनी अशी आरोळी ठोकली की शेजारून घोरपडे वहिनी धावत आल्या. मागून मुजावरमामी, त्यांच्या मागे अण्णा, आणि शेवटी, तीन वर्षांत पहिल्यांदा आमच्या उंबऱ्यात, कामतबाई. प्रत्येकानं भिकाजीरावांचा कान धरून खाली ओढला.

"ह्यात माझा मणी कुठला?" कामतबाईंनी विचारलं.

"आता तो वेगळा करता येणार नाही," मी म्हणाले.

"तुम्हाला येईल," त्या म्हणाल्या. "म्हणून तर सांगतेय, हात लावू नका."

भिकाजीराव एका हातानं कान चोळत होते. दुसऱ्या हातानं त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी तबकात ठेवलं. जड होतं, तबक कललं. मी कागद सोडला. पायानं हवा भरायचा पंप.

"दोन्ही चाकांची हवा कुणीतरी सोडतंय," ते म्हणाले. "घरात एक असलेला बरा."

कामतबाईंना पुन्हा चौकट धरावी लागली.

आता आक्का नाहीत, अण्णा नाहीत. मुजावरमामी थकल्यात, तरी ईदच्या शिरखुर्म्याबरोबर नातवाला बजावून पाठवतात, सायबांचा कान बघून ये. कामतबाई निवृत्त होऊन बेळगावला भाच्याकडे असतात. महिन्यातून दोनदा त्यांचा फोन येतो. नमस्कार नाही, काही नाही.

"माझा मणी कसा आहे?"

गेल्या पाडव्याला आला तेव्हा मी म्हणाले, "ठीक. काल जिना चढताना जरा दम लागला, एवढंच."

"एवढंच म्हणजे?"

"फराळ जास्त झाला असेल. परवा दवाखाने उघडले की नेईन."

"परवा नाही, आत्ता. मणी माझा आहे, पाटणकरबाई."

मी नेलं. डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला, माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं झालं आज आणलंत," आणि पाच दिवस ठेवून घेतलं. तपासणीच्या वेळी नर्सनं अंगावरचे दागिने काढायला सांगितले. बाळी कानातून निघेना. भोवती कातडी घट्ट झाली होती.

"राहू द्या," भिकाजीराव पडल्या पडल्या नर्सला म्हणाले. "माझी एकट्याची नाही ती."

घरी आणलं त्या दिवशी मी बेळगावला फोन लावला.

"मणी शाबूत आहे," मी म्हणाले.